तिसरा रकाना

देवरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी काही वर्षं शिकवत होतो. तिथं तिसरीतल्या एका पोराला हजेरीपटावरच्या नावाखेरीज आणखी चार नावं होती. वर्गशिक्षक त्याला 'बदमाश' म्हणत. माय भेटायला आली की म्हणे, पोराले कोणाची तरी नजर लागली. कार्यालयाच्या दप्तरात तो 'वारंवार पळून जाणारा' होता. मग एकदा शिबिरासाठी आलेल्या समुपदेशकानं पंधरा मिनिटं त्याच्याकडं पाहिलं आणि चौथं नाव दिलं : अतिचंचल. मुख्याध्यापकांना हायसं वाटलेलं मी पाहिलं. ते म्हणाले, "चला, म्हणजे हे आपल्या हातातलं नाही."

हे वाक्य मला आजवर सोडत नाही. नजर लागली म्हटलं की माय मोकळी होते, बदमाश म्हटलं की मास्तर मोकळे होतात आणि अतिचंचल म्हटलं की सगळी शाळाच मोकळी होते. चौथं नाव पुस्तकातलं असल्यानं वजनदार, पण काम पहिल्या तिघांचंच करतं. चारही नावं कारण पोराच्या आत नेऊन ठेवतात. त्याला कुठं बसवलंय, कोण त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतं, तो वागला की आपण काय करतो, याकडं कुणी बघत नाही. मानसशास्त्रातल्या चांगल्या सिद्धांतांचं काम नेमकं उलट आहे, असं माझं मत आहे. ते आपली नजर पोरावरून उचलून भोवतालाकडं वळवतात, आणि त्या भोवतालात आपणही असतो. म्हणून ते पचायला जड जातात.

मी काही मानसशास्त्रज्ञ नाही. बी.एड.ला परीक्षेपुरता पाव्हलॉव्हचा कुत्रा आणि स्किनरचं कबूतर पाठ केलेला मास्तर. पण त्या पोरासाठी मी शंभर पानी वही घेतली आणि पानावर तीन रकाने आखले : आधी काय झालं, तो काय वागला, नंतर काय झालं. वर्तनवादी मंडळींची ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वस्त युक्ती. अट एकच, रकान्यात मत लिहायचं नाही. 'उर्मटपणा केला' असं लिहायचं नाही, 'शेजारच्याची पाटी ढकलली' असं लिहायचं. पहिले दोन दिवस मला हे जमलंच नाही. माझा प्रत्येक शब्द निकाल देत होता.

दहा दिवसांनी वही वाचली. भांडणं जवळजवळ सगळी मराठी वाचनाच्या तासाला होती. गणिताच्या तासाला पोरगं शांत. मैदानावर तर तो पंचाईत करून दुसऱ्यांची भांडणं सोडवायचा. पहिल्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच ओळ होती : 'उभं राहून वाच, म्हटलं.' घरी गोंडी बोलणारं हे लेकरू. मराठी धडा वाचताना अडखळायचं आणि वर्ग हसायचा. तिसऱ्या रकान्यातही एकच ओळ : 'वर्गाबाहेर काढलं.' आता बाहेर म्हणजे कुठं? बोरिंगजवळच्या आंब्याखाली. तिथं स्वयंपाकघरातल्या मावशी तांदूळ निवडत बसायच्या, आणि अख्ख्या शाळेत त्याच्याशी गोंडीत बोलणारं मोठं माणूस म्हणजे त्याच. आम्ही पोराला शिक्षा देत होतो असा आमचा समज. प्रत्यक्षात त्यानं शेजाऱ्याला बुक्की मारली की आम्ही त्याची वाचनातून सुटका करत होतो आणि वर त्याला मायेच्या माणसाजवळ पोचवत होतो. रोज, बिनचूक. यापेक्षा पक्की शिकवणी आम्ही त्याला दुसऱ्या कुठल्या विषयाची दिली असेल असं वाटत नाही.

बी. एफ. स्किनरचं म्हणणं मला त्या दिवशी कळलं. शिक्षा आणि बक्षीस ही देणाऱ्याच्या हेतूवरून ठरत नाहीत. एखाद्या गोष्टीनंतर वागणं वाढलं, तर ती गोष्ट बक्षीस. मास्तरांचा चेहरा कितीही लाल असो. नकोशी गोष्ट टळणं हेही बक्षीसच, आणि पोटभर बक्षीस. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शाळेत मारायला आणि मानसिक छळाला बंदी केली. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये तक्रार होती की आता हातातली छडी गेली, पोट्टे डोक्यावर बसतील. छडी कायद्यानं गेलीच पाहिजे होती. पण छडीनं काही कामही होत होतं का, ही चौकशी कुणी तीन रकाने आखून केली नव्हती.

उपाय त्या मानानं साधा निघाला. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १९८५ साली दाखवलं होतं की मूल वाईट वागून जे मिळवतं, तेच मागण्याची दुसरी, बरी रीत त्याला शिकवली की वाईट वागणं ओसरतं. आम्ही त्याला पुठ्ठ्याचा एक तुकडा दिला. वाचन असह्य झालं की तो पुठ्ठा टेबलावर ठेवायचा आणि पाच मिनिटं मावशींकडं जाऊन यायचं. भांडायची गरज नाही. दुसरं म्हणजे त्याच्या धड्यात शब्दांशेजारी मावशींकडून विचारून गोंडी शब्द देवनागरीत लिहिले. पाणी, शेजारी येर. वर्गातली बाकीची पोरं येर म्हणायला शिकली तेव्हा पहिल्यांदा दुसरं कुणीतरी अडखळलं आणि हा हसला.

सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की हे लाड आहेत. एका आठवड्यात ते खरंही वाटायला लागलं, कारण वर्गाबाहेर काढणं बंद केल्यावर पोराचं भांडण आधी दुप्पट झालं. नेहमीचं बटण दाबून दार उघडलं नाही की माणूस ते जोरजोरात दाबतो, तसं. बक्षीस थांबलं की वागणं विझण्याआधी एकदा भडकतं, हे पुस्तकात छापलेलं आहे. पण पुस्तकातली ओळ आणि समोर फुटलेली पाटी यांत फरक असतो. बहुतेक आईबाप, बहुतेक शिक्षक याच आठवड्यात हार मानतात. आणि भडक्याच्या टोकाला हार मानली की आपण पोराला शिकवतो : एवढ्या जोरानं दाबलं की उघडतं. तीनेक आठवड्यांनी भांडणं कमी झाली. संपली नाहीत.

हाच खेळ घराघरांत चालतो. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. दंडार, नाटक, जिलेबीची दुकानं, आणि फुग्यांच्या गाडीसमोर जमिनीवर लोळण घेतलेलं एक तरी पोर. बाप आधी नाही म्हणतो. पोर आवाज चढवतं. बापही चढवतो. चारचौघं बघायला लागतात, मग बाप वीस रुपये काढतो. पोर गप्प होतं, बापाची लाज वाचते, दोघांनाही सुटल्यासारखं वाटतं. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी वर्षानुवर्षं घराघरांत माणसं बसवून असे प्रसंग मोजले आणि १९८२ च्या पुस्तकात मांडलं की अशा घरात पोर बापाला शिकवतं आणि बाप पोराला. दोघंही दुसऱ्याचा त्रास थांबवण्यासाठी नमतात आणि दोघांचीही पायरी दर वेळी एकेक वर जाते. बाप रोज नमत नाही, पाच वेळा नाही म्हणून सहाव्यांदा देतो, हे तर आणखी वाईट. कधी लागेल सांगता येत नाही असं बक्षीस सगळ्यात चिवट सवय लावतं. सट्टापट्टीच्या ठेल्यावर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा.

आणि ठेल्याचा विषय निघालाच आहे तर खर्ऱ्याबद्दल. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, विदर्भात खर्रा घोटला जातोच. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना, आणि मग तो घासण्याचा खर्र खर्र आवाज. सातवीतलं पोर खर्रा खाताना सापडलं की पालकसभेत चर्चा होते, संगत वाईट आहे. संगत कुणाची? "जा रे, एक खर्रा घेऊन ये," म्हणून त्याला सहाव्या वर्षापासून ठेल्यावर कोण धाडतं? आल्बर्ट बंडुरानं १९६१ साली दाखवलं की मोठं माणूस बाहुल्याला बडवताना पाहिलेली मुलं, कुणी बक्षीस न देताही, तसंच बडवतात. त्यासाठी खरं तर अमेरिकेतल्या प्रयोगशाळेची गरज नव्हती. पालकसभेत बसलेल्या बापांचे गाल पाहिले असते तरी चाललं असतं.

पण वर्तनवादाशी माझं भांडणही आहे, आणि ते त्या पोराच्या पळून जाण्यावरून सुरू होतं. भांडणं कमी झाली, पळणं तसंच राहिलं. पळून जाण्याच्या पानावर तीन रकाने आखले तर तिसऱ्यात येई : 'घरी पोचला, मायनं जेवायला घातलं.' स्किनरचा कच्चा विद्यार्थी इथं म्हणेल की हे बक्षीस बंद करा, मायला सांगा लाड करू नको. असा सल्ला दिला गेलेला मी ऐकला आहे. तो हिशेबात बसतो आणि अमानुष आहे.

इथं दुसरा सिद्धांत मदतीला येतो. लंडनमध्ये जॉन बोल्बी यांनी १९४४ साली चोरी करणाऱ्या चव्वेचाळीस मुलांचा अभ्यास छापला. त्यांतल्या कुणाबद्दलच माया न उरलेल्या मुलांपैकी बहुतेकांची लहानपणी आईपासून दीर्घ ताटातूट झालेली होती. त्या अभ्यासातल्या ढिलाईवर पुढं पुष्कळ टीका झाली, ती रास्तही आहे. मला त्यापेक्षा मोलाचं वाटतं ते त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांचं काम. रॉबर्टसन इस्पितळात एकटी ठेवलेली लहान मुलं नुसती बघत बसत. त्या काळी इंग्लंडमध्ये आईबापांना भेटायची वेळ अगदी तुटपुंजी असे, कारण भेटून गेल्यावर मूल रडतं आणि वॉर्डाची शिस्त बिघडते. रॉबर्टसननं पाहिलं की मूल आधी आक्रोश करतं, मग खचतं आणि मग गप्प होतं. परिचारिका म्हणत, रुळलं. रॉबर्टसन म्हणाले, रुळलं नाही, तुटलं. त्यांनी १९५२ साली इस्पितळात दाखल झालेल्या दोन वर्षांच्या एका मुलीवर चित्रपट काढला. डॉक्टर मंडळी चिडली. तरी १९५९ साली सरकारी समितीनं आईबापांना मोकळेपणानं भेटू द्यावं अशी शिफारस केली, आणि हळूहळू इस्पितळांचे नियम बदलले.

या गोष्टीत मुलांवर उपचार कुणी केलाच नाही. उपचार भेटीच्या वेळेवर झाला.

'रुळला' हा शब्द आमच्या वसतिगृहात दर जुलैत ऐकू येतो. शाळा सुरू होते तेव्हा गावात रोवणी असते, मायबाप बांधीत चिखलात उभे, आणि सहा-सात वर्षांचं पोर पत्र्याची पेटी घेऊन इथं. पहिला आठवडा रडतं. त्याची नोंद होते. मग जेवत नाही, कोपऱ्यात बसतं. त्याची नोंद कधी होते, कधी नाही. मग गप्प होतं, आणि अधीक्षक समाधानानं सांगतात की रुळला. आश्रमशाळा नसत्या तर यांतली कितीतरी पोरं शाळेचं तोंडही न बघती, हे मला पूर्ण मान्य आहे. मी स्वतः त्या पगारावर घर चालवलं. पण पळून जाणारं पोर अजून पहिल्या पायरीवर आहे, त्याला घर आठवतं आणि घरी जाता येईल अशी आशा आहे. गप्प झालेल्या पोराबद्दल मला जास्त धास्ती वाटते आणि त्याच्यासाठी दप्तरात रकानाच नाही. म्हणूनच वर्तनसमस्या ही कुणाला समस्या वाटते, हे आधी विचारलं पाहिजे. वर्गाला त्रास देणारं वागणं आपल्याला दिसतं. पोराला आतून खाणारं दिसत नाही, कारण ते वर्ग शांत ठेवतं.

मग मोठ्या माणसांचं काय? इथं मला आल्बर्ट एलिस आठवतात. १९५५ च्या सुमारास त्यांनी आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. मराठी वाचकांना ती परकी नाही. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दशकानुदशकं पत्रव्यवहार केला, मराठीतून व्याख्यानं दिली, लिहिलं. ठाण्याला १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभी केलेली संस्था हीच भाषा बोलते. मांडणी अशी की घटना आपल्याला थेट उद्ध्वस्त करत नाही, घटनेबद्दल मनात धरलेला हट्ट करतो. सगळ्या 'च'ची ही शिकार : असं झालंच पाहिजे, त्यानं ऐकलंच पाहिजे.

ही पद्धत तिसरीतल्या पोरावर चालवायला गेलात तर फजिती होईल. ती मास्तरांवर चालवावी. 'माझ्या वर्गात कुणी माझा शब्द मोडताच कामा नये, मोडला तर माझी इज्जत गेली' हा 'च' माझ्या डोक्यात होता, पोराच्या नव्हे. तो असेपर्यंत वहीतल्या रकान्यांत मला खरं लिहिता आलं नाही. पोराचा पुठ्ठा टेबलावर पडला की सुरुवातीला माझ्या कानशिलाला झिणझिण्या यायच्या. एवढंसं पोर मला सांगणार, मी चाललो म्हणून! उपचार पोरावर सुरू आहे असं शाळा समजत होती. निम्म्याहून जास्त तो माझ्यावर चालला होता. अर्थात या पद्धतीलाही कुंपण आहे. मायपासून दीडशे दिवस लांब राहिलेल्या सात वर्षांच्या लेकराला विचार बदलायला सांगणं हा चावटपणा ठरेल.

इथं कुणी म्हणेल, खऱ्या आजारांचं काय? ते आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळला. अतिचंचलता आहे, स्वमग्नता आहे, वाचनाची अक्षमता आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहेत आणि सिकलसेलही आहे. पूर्व विदर्भाला सिकलसेल नवा नाही. हाडं ठणकत असताना कवायतीला न उठणारी मुलगी आमच्याकडं दोन वर्षं 'कामचुकार' होती. म्हणून पहिली तपासणी शरीराची : रक्त, कान, डोळे. निदानाला माझा विरोध नाही. पंधरा मिनिटांच्या निदानाला आहे, आणि निदानानंतर फाईल मिटवण्याला आहे. योग्य नाव उपचाराचं दार उघडतं, पाठ सोडवायला वापरलं की तेच दार बंद करतं. त्या पोराला पुढं कुणी नीट तपासलं असतं तर कदाचित अतिचंचलताही निघाली असती. तरी वाचनाच्या तासाला हसणारा वर्ग हसतच राहिला असता.

आता नीट तपासायचं कुणी? मुंबईहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस आणि कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस, दोन्ही गोंदियाला येऊन थांबतात. राज्यातल्या बऱ्याच चांगल्या गोष्टी मात्र नागपूरलाच उतरून जातात. गोंदियाला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, टेलिमानस या मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर फुकट बोलता येतं. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावातल्या बाईनं मजुरी बुडवून पोराला दर आठवड्याला समुपदेशकाकडं न्यावं, ही अपेक्षा मात्र शहरातल्या माणसाची आहे. विदर्भातच याचं उत्तर सापडलं होतं. 'विश्राम' नावाच्या उपक्रमात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत गावचीच माणसं शिकवून तयार केली, त्यांनी नैराश्य ओळखलं, धीर दिला, गरज असेल त्याला डॉक्टरकडं पोचवलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. ते मोठ्या माणसांसाठी होतं. मुलांसाठी तेच काम आश्रमशाळेच्या मावशी, अंगणवाडी ताई, आशा का करू शकणार नाहीत? मावशींनी तर न शिकवता केलं होतं.

गावातल्या जाणत्याकडून, मांत्रिकाकडूनही एक गोष्ट घेण्यासारखी आहे, हे लिहिताना काही मित्र रागावतील याची मला कल्पना आहे. तो पोराला उपाशी ठेवत असेल, चटके देत असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो लावलाच पाहिजे. पण तो पोराला एकट्याला खोलीत बोलावत नाही. अख्खं घर अंगणात बसवतो, आजीला विचारतो, बापाला विचारतो, कधीपासून, कुठून आल्यावर. त्याचं उत्तर चुकीचं असतं. विचारायची पद्धत आमच्या शिबिरातल्या समुपदेशकापेक्षा पुष्कळ बरी असते.

मार्चअखेर पोरगं पुन्हा पळालं. मी वही काढली. पहिल्या रकान्यात काय लिहावं, हे शोधायला लागलं नाही. पहाटे दाराबाहेर आलो की जंगलाकडून तो जड गोड वास येत होता, मोह पडायला लागला होता. घरोघरची माणसं अंधारात टोपल्या घेऊन झाडाखाली बसलेली असणार, आणि मोह वेचायला लहान हात सगळ्यात चांगले. दुसऱ्या रकान्यात लिहिलं : 'गेला.' नवव्या दिवशी तो आपणहून परत आला, बाप सायकलवर सोडून गेला. हातात कापडी पिशवी होती, वाळलेल्या मोहफुलांची. ऑफिसवरून, माझ्या समोरून, तो सरळ स्वयंपाकघराकडं गेला. मुख्याध्यापकांनी खिडकीतून विचारलं, सर, याचं काय करायचं आता? वही उघडीच होती. तिसऱ्या रकान्यात मी अजून काही लिहिलं नव्हतं.